कौतुकाचा फलक आणि घरातला अबोला

निकालांचा आणि प्लेसमेंटचा हंगाम संपत आला, की साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत आणि सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला अभिनंदनाचे फलक लागतात. खेड्यांत तर एसटी थांब्याशेजारच्या प्रत्येक खांबावर एखादा हसरा चेहरा असतो. कोट घातलेला मुलाचा किंवा मुलीचा फोटो, त्याखाली पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, महाविद्यालय, निवड झालेल्या कंपनीचे नाव आणि अलीकडे वार्षिक पॅकेजचा आकडासुद्धा. मी साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला जवळजवळ तीस वर्षे शिकवले असल्यामुळे यातले काही चेहरे ओळखीचे निघतात, आणि तेव्हा मी थांबून, पुन्हा एकदा वाचून पुढे जातो. हे कौतुक खोटे नाही. ज्या घरात या आधी कोणी दहावीच्या पुढे गेले नव्हते, त्या घराला आपला आनंद गावाला सांगावासा वाटला तर त्यात वावगे काही नाही.

या भागाला शिक्षणाची ओढ कालपरवा लागलेली नाही. सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातलेच. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली आणि तो दिवस आज राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली, आणि वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून चालते आहे. म्हणजे चार-पाच पिढ्यांच्या कष्टांतून आपण मुलांना पदवीपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था उभी केली. पदवी हातात आल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या मुलांनी स्वतःचे पैसे, कागदपत्रे, नाव आणि शरीर कसे सांभाळायचे, याची व्यवस्था मात्र आपण उभी केली नाही. तो प्रश्न आपण नशिबावर आणि ‘सांभाळून राहा रे’ या एका वाक्यावर सोडून दिला आहे.

मला या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. तरुण नोकरदारांच्या सुरक्षिततेविषयी बोलताना आपण पासवर्ड, ओटीपी आणि अनोळखी लिंक यांच्याविषयी बोलतो. ते आवश्यक आहेच. पण गेल्या काही वर्षांत माझ्यापर्यंत आलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रकरणात सर्वांत मोठे नुकसान फसवणुकीच्या क्षणी झाले नव्हते, ते त्यानंतरच्या गप्प बसण्याच्या दिवसांत झाले होते. आणि हे गप्प बसणे आपण, म्हणजे पालकांनी, शिक्षकांनी आणि गावाने, त्यांच्या यशाला जी प्रतिष्ठा चिकटवली तिच्यातून आलेले होते.

कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातला माझा एक विद्यार्थी पुण्यात एका कंपनीत लागला होता. नोकरीला जेमतेम पाच महिने झाले असताना एका सकाळी त्याला फोन आला. तुमच्या नावाने परदेशी जाणारे एक पार्सल पकडले गेले आहे, त्यात बनावट पासपोर्ट आहेत, आणि आता मुंबईतले वरिष्ठ अधिकारी तुमच्याशी व्हिडिओवर बोलतील, असे त्याला सांगण्यात आले. पडद्यावर गणवेशातला माणूस होता, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत होती. खोलीचे दार लावून घ्या, फोन बंद करू नका, ही गोपनीय चौकशी असल्याने घरी किंवा मित्रांना कळवाल तर त्यांनाही आरोपी करावे लागेल, असे दरडावण्यात आले. तो मुलगा आपल्या कॉट बेसिसच्या खोलीत सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत त्या फोनसमोर बसून होता. संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःच्या पगारातली शिल्लक आणि वडिलांनी उसाच्या बिलातून त्याच्या नावावर ठेवलेली ठेव मोडून मिळालेली रक्कम, असे पावणेतीन लाख रुपये ‘पडताळणीसाठी’ त्यांनी सांगितलेल्या खात्यांत भरले.

तो माझ्याकडे आला तेव्हा एकोणीस दिवस उलटून गेले होते. माझ्या बैठकीच्या खोलीत समोर बसून तो हातातला फोन उलटा-सुलटा करत राहिला, आणि मग त्याने पिशवीतून एक वही काढली. त्या दिवशीच्या संभाषणाची टिपणे त्याने त्या वहीत काढली होती. डाव्या बाजूला पट्टीने समास आखलेला, समासात वेळा लिहिलेल्या, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा, बिल्ल्याचा क्रमांक, खात्यांचे क्रमांक, आणि महत्त्वाच्या शब्दांखाली रेघ. मी ती पाने ओळखली. वर्गात मी बोलत असताना तो अशीच टिपणे काढत असे, आणि मी इतरांना त्याची वही दाखवून ‘याला म्हणतात लक्ष देणे’ असे सांगत असे.

त्या वहीने माझी झोप उडवली हे मी मोकळेपणाने सांगतो. हा मुलगा निष्काळजी नव्हता. ज्या गुणांसाठी आम्ही त्याला पहिल्या बाकावर बसवले, तेच गुण त्या दिवशी समोरच्या माणसाच्या कामी आले. मोठ्यांच्या आवाजात बोलणाऱ्या माणसाचे बोलणे मध्येच तोडायचे नाही, विचारलेल्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर द्यायचे, फॉर्मवरचा एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, शंका आली तरी आधी सांगितलेले करायचे आणि मग विचारायचे, चूक आपलीच असेल असे गृहीत धरायचे. बालवाडीपासून पदवीपर्यंत आपण याच वागणुकीला गुण देत आलो. ‘मला तुमचे म्हणणे पटत नाही, मी फोन ठेवतो आणि स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन विचारतो’ हे वाक्य उच्चारण्याची संधी त्याला सतरा वर्षांच्या शिक्षणात एकदाही मिळाली नव्हती. त्याला कोणी मूर्ख म्हटले, तर तो मूर्खपणा आम्ही शिकवलेला आहे, असे मला म्हणावे लागेल.

व्हिडिओ कॉलवर असे डांबून ठेवण्याला फसवणारे ‘डिजिटल अटक’ म्हणतात, पण या नावाची कोणतीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आपल्या आकाशवाणीवरील भाषणात हे स्पष्ट सांगितले होते. चौकशीसाठी हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले. कोणताही पोलीस अधिकारी व्हिडिओवरून अटक करत नाही, आणि निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून खात्यात पैसे मागत नाही. एवढी साधी माहिती त्याला नव्हती का? होती. त्याने ती वाचलीही होती. पण वाचलेली माहिती आणि दरडावणाऱ्या आवाजासमोर टिकणारी माहिती यांत फरक असतो, आणि हा फरक सरावानेच भरून निघतो.

इथे वेळेचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण अबोल्याची किंमत त्यातूनच कळते. आर्थिक फसवणूक झाल्याबरोबर १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन केला, की तक्रारीची नोंद होऊन पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेला कळवले जाते, आणि रक्कम त्या खात्यात अजून शिल्लक असेल तर ती तिथेच रोखून धरता येते. फसवणारे हे जाणतात, म्हणून ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून पाचव्या खात्यात फिरवतात आणि मिळेल तिथे एटीएममधून काढून घेतात. म्हणजे पहिल्या तासात केलेल्या फोनला जे मोल आहे ते दुसऱ्या दिवशीच्या फोनला नाही, आणि एकोणीस दिवसांनंतर तर मागे फक्त कागद उरतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेल्या नियमांचाही आधार वेळच आहे. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे खात्यातून पैसे गेले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने बँकेला कळवले, तर त्याच्यावर भार येत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवले तर मर्यादित भार येतो. ग्राहकाने स्वतःच निष्काळजीपणे गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. प्रत्येक नियमात ‘कधी सांगितले’ हाच प्रश्न पहिला आहे. आणि तक्रारीसाठी पुण्यातच जावे लागते, हाही गैरसमज आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याने गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देण्याची सोय केली आहे, त्यामुळे सुट्टीला गावी आलेल्या मुलाला साताऱ्यातही तक्रार देता येते.

मी त्याला विचारले, “इतके दिवस का थांबलास? वडिलांना का सांगितले नाहीस?” त्याने खाली बघत उत्तर दिले, “सर, चौकातला माझा फलक अजून उतरवला नव्हता.”

या उत्तरावर मी बराच विचार केला आहे. गावाने त्याला ‘आपला हुशार पोरगा’ म्हणून खांबावर चढवले होते, आणि फसलेला हुशार पोरगा ही गोष्ट गावाच्या भाषेत बसत नव्हती. धाकट्या भावाची फी त्याच्या पगारावर ठरली होती, बहिणीच्या स्थळाकडच्यांना ‘भाऊ पुण्यात मोठ्या कंपनीत आहे’ असे सांगून झाले होते. पैसे गेले हे सांगायचे तर या सगळ्या घडीला हात लावावा लागणार होता. म्हणून तो रोज संध्याकाळी घरी फोन करून जेवण झाले का, पाऊस आहे का, असे विचारत राहिला आणि रात्री एकटा जागत राहिला. शेवटी त्याच्या वडिलांना माझ्यासमोर सांगितले गेले. मला भीती होती ती ओरडण्याची. ते बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून बसले आणि एवढेच म्हणाले, “अरे, पहिल्याच रात्री सांगितलं असतंस तर रात्रीच्या गाडीनं आलो असतो की.” पैसे परत मिळाले नाहीत. पण बाप आला असता, ही गोष्ट मुलाला एकोणीस दिवस माहीत नव्हती, आणि ती माहीत नसण्याला बाप एकटा जबाबदार नव्हता.

मुलींच्या बाबतीत हा अबोला आणखी घट्ट असतो, आणि त्याचे कारणही वेगळे आहे. सांगलीची एक मुलगी, अभियांत्रिकीला उत्तम गुण मिळवून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागली. तिच्या वरिष्ठाने रात्री-अपरात्री संदेश पाठवायला सुरुवात केली, मग एकत्र बाहेर येण्याचा आग्रह, मग न आल्यास कामाचा शेरा बिघडवण्याची धमकी. तिने आधी त्याचा क्रमांक ब्लॉक केला, मग गट बदलून मागितला, आणि शेवटी ‘प्रकृतीचे कारण’ लिहून नोकरी सोडली. घरी सांगितले ते नोकरी सोडल्यानंतर सात महिन्यांनी. २०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची लेखी तक्रार शेवटच्या प्रसंगापासून तीन महिन्यांत द्यावी लागते आणि सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती नेमणे मालकाला बंधनकारक आहे, आणि त्याहून लहान आस्थापनांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. यातले काहीही तिला महाविद्यालयात कोणी सांगितले नव्हते. तरी मी म्हणेन, की माहिती असती तरी ती बोलली नसती. तिचे कारण तिने मला एका वाक्यात सांगितले: “घरी सांगितले असते तर त्या माणसाला कोणी काही केले नसते, मला मात्र परत बोलावून घेतले असते.”

सुरक्षितता हा शब्द आपल्याकडे मुलींच्या कानावर लहानपणापासून पडतो, पण तो बहुतेक वेळा ‘नको’ या शब्दाबरोबर येतो. संध्याकाळचा क्लास नको, मुंबई नको, रात्रपाळी नको, फोटो टाकू नको. अशा वातावरणात वाढलेली मुलगी संकटाची पहिली बातमी घरापासून लपवायला शिकते, कारण त्या बातमीची शिक्षा तिलाच होणार हे तिने शेजारच्या ताईच्या बाबतीत पाहिलेले असते. मग ज्याच्यापासून तिला धोका आहे त्याला हे बरोबर कळते, आणि ‘घरी सांगू का?’ हे त्याच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार होते. खासगी फोटोंच्या धमकीवरून पैसे उकळणारे लोक याच भीतीवर जगतात. आई-वडिलांनी मुलीला निघण्याच्या दिवशी डब्याबरोबर एक शब्द द्यायला हवा: काहीही झाले आणि तू सांगितलेस, तर तुझे शिक्षण आणि तुझी नोकरी याला धक्का लागणार नाही. हा शब्द पाळला जाईल याची खात्री असेल, तरच ११२ किंवा १८१ हे मदतीचे क्रमांक तिच्या उपयोगाचे आहेत. नाहीतर ते फोनमध्ये जतन केलेले दोन आकडे राहतात.

आता रोजच्या सवयींकडे वळतो, कारण त्यांतली ढिलाईही कमी नाही. कोणत्याही महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. मुले रांगेत उभी असतात, दुकानदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार कार्ड, पॅन कार्ड, गुणपत्रक, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान पाठवतात, तो एकामागून एक छापतो आणि ‘पुढचा’ म्हणतो. पाठवलेले कागद त्या संगणकाच्या पडद्यावर तसेच पडून राहतात, शेकडो नावांचे, शेकडो सह्यांचे. दुकानदार बहुधा भला माणूस असतो. पण त्या संगणकावर नंतर कोण बसतो, तो विकला जातो तेव्हा आतले पुसले जाते का, हे आपण विचारत नाही. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत अधिकृतपणे मिळते आणि अनेक ठिकाणी ती पुरते. आपल्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची ओळख कुलूपबंद करण्याची सोय आधारमध्येच आहे. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हे संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. ही तिन्ही कामे एका दुपारी होतात. पदवीधर झालेल्या दहा मुलांना विचारून पाहा, किती जणांनी केली आहेत.

नोकरी शोधणाऱ्यांच्या बाबतीत तर एक नियम पाठ असायला हवा: नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. लॅपटॉपचे डिपॉझिट, प्रशिक्षणाची फी, ‘परत मिळणारी’ अनामत, यांतले काहीही मागितले की तिथेच उठावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नयेत. पडताळणी करून घ्यावी आणि त्याच हाताने परत घ्यावी. परदेशातल्या नोकरीच्या आमिषाने थायलंडला पर्यटक व्हिसावर नेऊन तिथून म्यानमारच्या हद्दीत कोंडलेल्या आणि इतरांना फसवण्याचे काम बळजबरीने करायला लावलेल्या शेकडो भारतीय तरुणांना सरकारने मार्च २०२५ मध्ये विमानाने परत आणले. त्यांतल्या अनेकांना संगणकावरच्या कामाची नोकरी सांगितली गेली होती. कामासाठी बोलावणारा माणूस पर्यटक व्हिसावर या म्हणत असेल, तर पुढे काही विचारण्याची गरज उरत नाही.

याहून एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. आपली काही मुले फसवणाऱ्यांच्या साखळीत नकळत, कधी अर्धवट कळून, सामील होत आहेत. ‘तुझे खाते आठ दिवस वापरायला दे, पाच हजार देतो’ असे कोणीतरी वसतिगृहात म्हणते, आणि मुलगा एटीएम कार्ड, पासबुक आणि त्या खात्याला जोडलेले सिम देऊन टाकतो. त्याच्या लेखी ती उसनवारी असते. काही आठवड्यांनी खाते गोठवले जाते, दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांचे पत्र घरी येते, आणि कोणा निवृत्त माणसाचे आयुष्यभराचे पैसे आपल्या नावावरच्या खात्यातून गेले हे त्याला तेव्हा कळते. अशा वेळी ‘मला माहीत नव्हते’ हे सिद्ध करता करता नोकरीची चारित्र्य पडताळणी अडकते, पासपोर्ट अडकतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. आपले खाते भाड्याने देणे म्हणजे आपली सही भाड्याने देणे, हे वाणिज्य शाखेचा शिक्षक असूनही मी वर्गात कधी सांगितले नव्हते. नफा-तोट्याची पत्रके शिकवली, धनादेशाचे प्रकार शिकवले, आणि मुलांच्या खिशातल्या खात्याविषयी एक शब्द बोललो नाही. ती माझी चूक आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पदवी आणि पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला, नव्या शैक्षणिक धोरणातही अशा विषयांना श्रेयांक देण्याची जागा आहे. तेव्हा जागा नाही असे महाविद्यालयांना म्हणता येणार नाही. अडचण वेगळी आहे. आपल्याकडे कोणताही विषय वर्गात आला की त्याच्या नोट्स होतात, नोट्सचे प्रश्नसंच होतात, आणि मुले फिशिंगची, म्हणजे खोट्या संदेशांतून गुप्त माहिती काढून घेण्याची, व्याख्या तोंडपाठ लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवतात. ज्या आज्ञाधारकपणाने त्यांना फसवले, त्याच आज्ञाधारकपणाने ती सुरक्षिततेचा पेपर सोडवतात. म्हणून माझा आग्रह आहे की शेवटच्या वर्षाला दहा-बारा तास तरी परीक्षेविना, प्रत्यक्ष सरावाने घ्यावेत. एका शिक्षकाने दरडावणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज काढावा आणि विद्यार्थ्याने सर्वांसमोर फोन ठेवावा. ऑफर लेटर आणि खोलीचा अकरा महिन्यांचा करार वर्गात ओळ न् ओळ वाचावा, नोटीसचा काळ किती, बाँडची रक्कम किती, डिपॉझिट परत कधी, हे मुलांनी स्वतः शोधावे. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे एकदा प्रत्यक्ष करून पाहावे. वसतिगृहात मुलांना स्वयंपाक करायला, पाणी भरायला, श्रम करायला लावून ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणणाऱ्या कर्मवीरांच्या जिल्ह्यात, हाताने करून शिकण्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागू नये.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो मला रास्त वाटतो. सगळी जबाबदारी तरुणांवर टाकली, तर बनावट कागदांवर खाती उघडून देणाऱ्या बँका, दुसऱ्याच्या नावावर सिम विकणारे दुकानदार आणि रात्री उशिरापर्यंत संदेश पाठवणाऱ्या वरिष्ठाला सांभाळून घेणारे मालक सुटतात. लुटलेल्यालाच सावधपणाचे धडे देणे हा अन्याय आहे, असे हे म्हणणे आहे. ते मान्य करूनच मी बोलतो आहे. रोज पाच-दहा हजारांची उलाढाल असलेल्या खात्यात एका तासात लाखो रुपये येऊन निघून जातात आणि बँकेला काही वावगे वाटत नाही, याचा जाब विचारलाच पाहिजे. कंपन्यांतल्या समित्या केवळ भिंतीवरच्या पाटीपुरत्या असतील, तर कामगार विभागाने आणि जिल्हा प्रशासनाने त्या तपासल्या पाहिजेत. परंतु बँकेला जाब विचारायचा तरी कोणीतरी आधी बोलावे लागते. न नोंदलेल्या तक्रारीवर कोणतीही व्यवस्था हलत नाही. शरमेने दडपलेली प्रत्येक घटना त्या बँकेच्या, त्या दुकानदाराच्या आणि त्या वरिष्ठाच्या पथ्यावर पडते. अबोला सोडवणे हे म्हणूनच व्यवस्थेला जबाबदार धरण्याच्या कामातले पहिले पाऊल आहे असे मी मानतो.

फलकांविषयीही माझी एक विनंती आहे. मुलाचे नाव लावा, फोटो लावा, गुण लावा. कंपनीचे नाव, पॅकेजचा आकडा, आईवडिलांची नावे आणि गाव एकत्र छापू नका. हा सगळा मजकूर फोटो काढून दहा ठिकाणी फिरतो, आणि ज्याला फसवायचे आहे त्याला पहिल्याच वाक्यात ‘तुम्ही अमुक गावचे, तमुक कंपनीत गेल्या महिन्यात लागलात ना?’ असे म्हणता येते. आपली खरी माहिती समोरच्याकडे आहे हे दिसले, की त्याचे पुढचे खोटेही खरे वाटू लागते. सत्कार समारंभात शाल-श्रीफळ देताना ‘आता घरादाराचे पांग फेड’ असे जे हमखास म्हटले जाते, तेही थोडे आवरावे. बावीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर एवढे ओझे सर्वांसमोर ठेवले, की पाय घसरल्याचे तो कोणाला सांगणार?

कोरेगाव तालुक्यातल्या त्या मुलाला मी गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर बोलायला नेले. आधी तो तयार नव्हता, मग स्वतःच वही घेऊन आला. समास आखलेली ती दोन पाने त्याने फळ्याशेजारी उभे राहून वाचून दाखवली, वेळांसकट, आणि कुठल्या वेळी आपल्याला शंका आली होती तेही सांगितले. चार वेळा आली होती. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. शेवटी प्रश्न विचारायला सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, घरी लगेच सांगायचे हे पटले. पण सांगितल्यावर ते मला नोकरी सोडायला लावणार नाहीत, याची हमी कोण देणार?” तो माझ्याकडे बघू लागला. माझ्याकडेही उत्तर नव्हते. पुढच्या शनिवारी त्याच वर्गाच्या पालकांना बोलावले आहे. त्यांच्यापुढे तिचाच प्रश्न, तिचे नाव न घेता, तसाच वाचून दाखवणार आहे.